नसलेल्या देशातलं उष्टावण

नाशिक, ६ नोव्हेंबर २०२५

चि. पल्लवीस,

आशीर्वादांना व्हिसा लागत नाही, म्हणून ते आधी पाठवतो. मागोमाग मी येतोय.

घाबरू नकोस, राहायला नाही. आपल्या द्वारका चौकातल्या एका टूरवाल्याबरोबर येतोय. ‘सूर्य, सागर, सायप्रस’ अशी जाहिरात आहे, शाकाहारी जेवणाची हमी आहे आणि यादव नावाचा एक टूर मॅनेजर आहे. त्याच्याकडच्या छापील कागदावर एका दिवसापुढे लिहिलंय : ‘निकोसिया, पलीकडची बाजू, ऐच्छिक.’ मी विचारलं, ऐच्छिक म्हणजे काय?

“काका, पलीकडे वेगळा देश आहे. म्हणजे आहे, पण नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुर्कस्तान सोडून कोणी मानत नाही त्याला. पायी जायचं, पासपोर्ट दाखवायचा, फोटो काढायचे, लेदरची पर्स घ्यायची, परत यायचं. फक्त तिकडे काही झालं तर आपला इन्शुरन्स चालत नाही. आपली वकिलातही नाही तिकडे.”

“माझी बहीण राहते तिथे.”

त्याने थोडा विचार केला. “मग तुम्हाला पर्स घ्यायची गरज नाही,” म्हणाला.

न्यायशास्त्रात अभावाचे चार प्रकार सांगितलेत. तीस वर्षं पोरांच्या माथी मारतोय. तुझा देश कुठल्या प्रकारात बसवावा, यावर मी दोन दिवस घालवले. अजून झालेलाच नाही म्हणावं, तर तिथे रस्ते आहेत, पोलीस आहेत, तुझ्या नवऱ्याची, जेमालची शाळा आहे, आणि तू तिथल्या कॉलेजात पोरांना औषधं बनवायला शिकवतेस. होता आणि मोडला म्हणावं, तर तुझा गॅस वेळेवर येतो. सशाच्या शिंगासारखा कधी नव्हताच म्हणावं, तर त्या शिंगावर माझी बहीण संसार मांडून बसलीय. शेवटी नाद सोडला.

पाकिटावर तू सांगितल्याप्रमाणे ‘मर्सिन १०, टर्की’ लिहितो. आमच्या पोस्टातला किशोर म्हणाला, “सर, बहीण टर्कीत असते का?” म्हटलं, नाही रे, तिच्या देशाला स्वतःच्या नावावर टपाल येत नाही. शेजाऱ्याच्या केअर ऑफ राहतो. तर म्हणे, “असू द्या सर. आमचं रेशन कार्ड अजून सासऱ्यांच्या पत्त्यावर आहे.”

येण्याचं कारण उघड आहे. देर्याला सातवा महिना लागतोय. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात आणि पहिला घास मामाने भरवायचा असतो. मामा एकुलता एक आहे, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. भाचीला इकडे आणावं, तर तिच्या जन्मदाखल्यावरचा शिक्का आपल्याकडे कोणी ओळखत नाही, आणि तिच्या आईबापांच्या लग्नाच्या दाखल्याचीही तीच गत. तेव्हा मामानेच ताट घेऊन निघालेलं बरं.

आईचं विचारशील. आई आहे तशीच आहे. रागावलेली. ‘असलं कसलं लग्न, ज्याचा कागद नाशकात चालत नाही’ हे वाक्य तिने गेल्या दोन वर्षांत पुष्कळ वापरलं. जेमालच्या धर्मावरही बोलून झालं. तू जातोस तर जा म्हणाली. मात्र तिला सांग, मी अजून रागावलेय. हे तिने मला पुन्हा म्हणायला लावलं, वर्गात पाढा म्हणवून घेतात तसं.

तिचा पलंग हॉलमध्ये आणलाय. उजेड चांगला असतो तिथे. मंगलाबाई आता रात्रीही राहतात. माझी पाठ धरते आणि उचलाउचल जमत नाही, म्हणून. घरात एवढं उचलण्यासारखं काय आहे, असं विचारू नकोस. पुस्तकं आहेत.

मंगलाबाईंनी सुरगाण्याहून नवी नागली आणली होती. तिचं सत्त्व आणतोय. आईने स्वतः केलंय. राग वेगळा, नात वेगळी.

तुझा
दादा


लार्नाका, २२ नोव्हेंबर

चि. पल्ली,

(संस्कृतात पल्ली म्हणजे पाल, हे तुला तू दुसरीत असताना सांगून मी तुझं बालपण नासवलं. आईने तरी तेच नाव चालू ठेवलं.)

सगळी मंडळी समुद्रावर गेलीत. मी यादवला पोट बिघडल्याचं सांगून हॉटेलच्या गॅलरीत बसलोय. त्याने मला ओवा दिला. या माणसाच्या खिशात अख्खं किराणा दुकान आहे.

कालचं तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहितो. बाजारातून चालत होतो. चपला, चष्मे, आइस्क्रीम. मध्येच दुकानं संपली आणि एक चौकी आली. पुढे थोडी ओसाड गल्ली, भिंतींना भोकं, खिडक्यांतून उगवलेलं गवत. मग दुसरी चौकी. आणि पुन्हा चपला, चष्मे, आइस्क्रीम. आमच्या ग्रुपमधले देवरामशेठ कळवणचे, कांद्याचे व्यापारी. ते म्हणाले, “सर, हेच बघायला आणलं का? एवढ्यासाठी भांडले हे लोक?” मी म्हटलं, आपल्याकडे बांधावरून किती भांडतात? “ते वेगळं,” म्हणाले. “बांध आपला असतो.”

तुझ्या बाजूच्या चौकीतल्या पोराने विचारलं, “हॉलिडे?”

“हॉलिडे,” मी म्हणालो. एका शब्दात एवढं मोठं खोटं मी कधी बोललो नव्हतो. त्याने शिक्कासुद्धा मारला नाही. म्हणजे मी तिथे आलो होतो, याला पुरावा नाही.

पलीकडे तू उभी होतीस. पोर कमरेवर आणि भार एका पायावर, थेट आईची ढब. दोन वर्षांनी भेटून पहिलं वाक्य काय? “दादा, केस कुठे गेले?” कस्टमवाल्यांनी ठेवून घेतले म्हटलं. मग जेमाल माझ्या पाया पडायला वाकला. तू पढवून ठेवला असणार. पण त्याने दोन्ही गुडघे टेकले, तेव्हा मला वाटलं त्याचं काही पडलंय, आणि मीही शोधायला वाकलो. देवरामशेठनी त्याचा फोटो काढलाय. तो कळवणात फिरणार.

तुमचं घर आवडलं. बाल्कनीतून पलीकडचं दिसतं. जेमाल बोट दाखवून सांगत होता, की ते समोरचं पत्र्याचं छप्पर त्याच्या आजीच्या गल्लीतलं. मी म्हटलं, जाऊन येतोस का? तर तू मराठीत म्हणालीस, “तो जाऊ शकतो दादा. मी नाही. मी या बेटावर चुकीच्या दारातून, तुर्कस्तानातून, आले असं पलीकडच्यांचं म्हणणं. आणि देर्याचे कागद माझ्या कागदांवर अडलेत.” जेमालला मराठी कळत नाही, पण हे कुठलं वाक्य आहे ते त्याला कळलं. तो चहा करायला उठला.

मग तू सत्त्वाचा डबा उघडलास. चिमूट घेऊन बोटांत चोळलीस.

“आईने गाळायचं फडकं बदललं का रे?”

मी काहीतरी महागाईवर बोललो. पल्ली, ते सत्त्व मी केलं होतं. नागली भिजवली, मोड आणले, वाटली, पिळली. आई पलंगावरून सांगत होती आणि मी पाणी बदलायला विसरत होतो. आईचं सत्त्व पावडरीसारखं असतं. माझं वाळूच्या जातीचं झालं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण मी अंगठी काढली. सोन्याच्या अंगठीने पहिला घास द्यायचा म्हणून आईने तिची दिली होती. आपल्याला माहीत असलेली ती अंगठी कधी निघायचीच नाही. तू साबण लावून ओढायचीस आणि ती ओरडायची, “त्यापेक्षा बोटच घेऊन जा.” आता ती बोटात राहत नाही, म्हणून मंगलाबाईंनी आतून दोरा गुंडाळला होता. मी शिकलेला माणूस. सत्त्व चाळलं, डबा पुसला, आईचं वाक्य पाठ केलं. दोरा तसाच राहिला.

तू अंगठी हातात फिरवलीस. मग दोरा उलगडायला लागलीस. संपेना. बराच होता तो. तू त्याची गुंडाळी करून ओट्यावर ठेवलीस, अंगठी उकळत्या पाण्यातून काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, “भरव. सत्त्व निवलंय.”

देर्याने पहिला घास थुंकला. दुसऱ्याला अंगठीसकट माझं बोट धरलं. दात नाहीत, पण निश्चय आहे. जेमालने टाळ्या वाजवल्या. मी मंत्र म्हणत होतो आणि एकच ओळ दोनदा म्हणालो.

तेव्हा तू विचारलंस, “आई कशी आहे?”

“रागावलेली.”

“अजून?”

“खूप.”

तू पोरीचं तोंड पुसलंस. पुसलेलंच पुन्हा पुसलंस. “मग सांग तिला, मीही रागावलेय. बोलावलं तरी यायची नाही, म्हणावं.”

आता तू ओळखलंस ते लिहितो. ऑगस्टमध्ये कळलं. पोटात आहे, आणि पसरलंय. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, मागतील ते खायला द्या. आई पेजेशिवाय काही मागत नाही. तुला कळवतो म्हणालो, तर तिने माझा हात धरला. तुझं ते राहण्याच्या परवान्याचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं, की नूतनीकरण अडकलंय, बाहेर पडले तर परत आत घेतील याची खात्री कोणी देत नाही. तिने ते नीट लक्षात ठेवलं होतं.

“अंगावर पिणारं पोर टाकून धावत येईल ती,” म्हणाली. “आणि मग इकडेच अडकेल. मी तर जाणारच आहे. पोरीने काय करायचं तिकडे? रागावलेय म्हणून सांग. राग सोसतो माणूस.”

म्हणून तो पाढा.

तू विचारलं असतंस, ‘दादा, येऊ का?’ तर मी काय उत्तर देणार होतो, हे मी सकाळपासून शोधतोय. ये म्हटलं तर देर्याचे हाल. नको म्हटलं तर आई. तू विचारलं नाहीस. माझी सुटका केलीस, आणि सुटका झाली म्हणून मी बसने परतसुद्धा आलो. तू चौकीपर्यंत आलीस, तिथे थांबलीस. मी चालत ती गल्ली ओलांडली. मागे पाहिलं तर तू पोरीचा हात धरून हलवत होतीस. ज्याला तिथे काही काम नाही त्याला जायला-यायला मोकळीक आहे. नियमच तसा दिसतो.

हे पत्र इथून टाकत नाही. नाशिकला जाऊनच टाकेन.

दादा


नाशिक, २९ नोव्हेंबर

चि. पल्लवी,

मागचं पत्र काल टाकलं. पोचायला तीन आठवडे धर. फोनवर सांगता आलं असतं, हे तू म्हणशील. परवा तू फोन केलास तेव्हा आपण नाशिकच्या थंडीवर बोललो. मग तुझ्याकडच्या थंडीवर. मग कुंभमेळ्यासाठी इकडचे रस्ते कसे खणून ठेवलेत, यावर. तू ‘आई’ म्हणाली नाहीस, मीही नाही. दोघांनाही तोंडाने जमत नाही, तर निदान एकाने हाताने लिहावं.

मी पोचलो तेव्हा आई जागी होती.

“भेटली?”

“भेटली.”

“वाळलीय?”

“नाही. तुझ्यासारखी उभी राहते.”

“आणि पोरगी?”

फोटो दाखवले. देवरामशेठनी काढलेला तो वाकलेला फोटोही दाखवला. जेमालच्या गुडघ्यांकडे बघून म्हणाली, “याला कोणी शिकवलं?” तू, म्हटलं. “अर्धवट शिकवलंय,” म्हणाली. पण फोन लगेच परत दिला नाही.

मग विचारलं, “काय म्हणाली?”

“तीही रागावलीय. बोलावलं तरी यायची नाही म्हणाली.”

“शहाणी आहे.” आणि हात पुढे केला. “अंगठी दे.”

मी घातली. ती घसरून चादरीवर पडली. आईने चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दोरा?”

“तिकडे राहिला.”

“तिने काढला?”

“हो.”

पंखा बंद होता, तरी ती बराच वेळ पंख्याकडे बघत होती. मला वाटलं आता ओरडेल, एवढं साधं काम जमलं नाही म्हणून. मी तयारी ठेवली होती.

“दोरा काढला, आणि मग म्हणाली, रागावलेय म्हणून?”

“हो.”

आई हसली, पल्ली. हसताना तिला दुखतं, म्हणून पोटावर उशी धरून हसली. “माझीच पोर,” म्हणाली.

मी म्हटलं, आता लपवायला काही उरलं नाही, फोन लावतो. समोरासमोर बघा एकमेकींना. तर नको म्हणाली. “तोंड बघितलं की रडत बसेल. दूध आटतं. राहू दे. आम्ही रागावलोय ना? मग रागावलेल्या बायका फोनवर बोलतात होय?”

मंगलाबाईंनी नवा दोरा घातला. “आजी, लय बारीक झाल्या तुम्ही,” असं म्हणाल्या. आई म्हणाली, “तुझं काय जातंय? दोरा माझा आहे.”

मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासली. घासलेली होती.

तू माझ्या त्या पत्राचं उत्तर देशील तेव्हा काय लिहिशील, ठाऊक नाही. यायचं ठरवलंस तर मी विमानतळावर येईन. नाही ठरवलंस तर तेही बरोबर असेल. एका प्रश्नाला दोन उलटी उत्तरं, आणि दोन्ही बरोबर. असलं मी पोरांना शिकवतो, तेव्हा ती जांभया देतात. आता माझं डोकं चालत नाही.

दादा


नाशिक, १८ डिसेंबर

पल्ली,

तुझे तीन दिवस हे पत्र पोचेपर्यंत कधीच सरलेले असतील. तरी लिहितो.

फोनवर मी नीट बोललो नाही. ‘गेली, पहाटे, झोपेत’ एवढं म्हणालो. मागे तुमच्याकडची बांग ऐकू येत होती. मग तू विचारलंस, “दादा, मी किती पाळू?”

आईबापांचं सुतक लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस आणि न झालेलीला दहा, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आपल्या घरात हे असं जेवताना बोलायचे. तेव्हा तू आकडा विचारत नव्हतीस. या घराने तुला कशात धरलंय, ते विचारत होतीस. मी ‘तीन’ म्हणालो, तेवढ्यात देर्या रडायला लागली आणि तू फोन ठेवलास. तुला वाटलं असेल, दादा शास्त्र सांगतोय. किंवा बहिणीचं मन राखतोय. दोन्ही नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी आईला जरा हुशारी वाटत होती. उन्हाची तिरीप पलंगावर आली होती. मी पोरांचे पेपर तपासत होतो. तिने हाक मारली.

“मी गेल्यावर पल्लीला किती?”

“काय किती?”

“सुतक रे. एवढा शिकलास ना?”

मी चाचरलो. ज्या लग्नाला दोन वर्षं या घरात कोणी लग्न मानलं नव्हतं, त्याचा हिशेब मी कसा सांगणार? तर मी सुरू केलं, की त्याला मतं दोन आहेत, विवाह म्हणजे कोणता, संस्काराने झालेला की केवळ नोंदणीने, आणि ती नोंदणीही जिथे झाली तो देश...

“गप रे,” आई म्हणाली. “तुझी मतं तुझ्याकडे ठेव. तीन.”

मी पुन्हा पेपरांकडे वळलो, तर तिला वाटलं मला पटलं नाही. तिने कुशीवर वळायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मी पाठीला हात दिला. काही वजन राहिलं नव्हतं.

“दहा दिवस ती कोपऱ्यात बसली तर त्या पोराला जेवायला कोण घालील? तीन दिवस पुरेत. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घे म्हणावं आणि स्वयंपाकाला लाग.” थोडं थांबून, दम लागला होता म्हणून : “असं काय बघतोस? लग्न झालंय तिचं.”